एका मशीनचा गट

चाळके मॅडमनी सर्व्हर रूमच्या दाराबाहेर चपला काढल्या. असा काही नियम नव्हता. मी त्यांना तसं दोनदा सांगितलंही होतं, पण आतली थंड, झाडूनपुसून ठेवलेली खोली बघून त्यांना चपला घालून येववत नसे. त्या दिवशी त्यांच्या हातात शंभर पानी वही होती, तपकिरी कव्हर घातलेली.

“जुवळे, पाच मिनिटं आहेत का?” त्यांनी विचारलं. “काम कंपनीचं नाही. माझं आहे.”

मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. मागे वळून दार नीट लागलंय का ते पाहिलं आणि मग वही माझ्या टेबलावर ठेवली.

“परवा रत्नागिरीला माझी साक्ष आहे. तुमच्या कानावर आलंच असेल.”

आलं होतं. सगळ्या कारखान्याच्या कानावर होतं.

“शपथेवर बोलायचं, तर माझ्या डोक्याचा भरवसा धरता येतो की नाही, हे मला आधी कळायला हवं. ते तुम्हीच सांगू शकाल. बाकी सगळे मला बरं वाटेल असंच बोलतात.”

मी वही उघडली. प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेला एक चौकोन, त्यात दोन छोटे चौकोन, वर तारीख आणि वेळ. सगळं पेन्सिलीनं. दुसरं-तिसरं पान बघितलं आणि मी परत पहिल्या पानावरच्या तारखेकडे गेलो.

ही गोष्ट २०११ च्या नोव्हेंबरातली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि खेड-चिपळूणच्या मधल्या औद्योगिक वसाहतीत, औषधांची रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघत होतो. दर अकरा महिन्यांनी नवीन कागदावर सही करायची, अशी नोकरी होती. बायको गरोदर होती.

कारखान्यात कुठल्याच कॉम्प्युटरला बाहेरचं इंटरनेट नव्हतं. मोबाइलसुद्धा गेटवर जमा करावे लागत. त्यामुळे सॉफ्टवेअरची जी काही अपडेट येत, ती मी आधी एका सर्व्हरवर उतरवून घ्यायचो. रोज सकाळी आठला, आणि नंतर जेव्हा बंद करून चालू केली जातील तेव्हाही, कारखान्यातली एकशे चाळीस मशीनं त्या सर्व्हरला विचारायची, आमच्यासाठी काही आहे का? सर्व्हर जे देईल ते मुकाट्यानं घ्यायची. कुठल्या मशीनला काय द्यायचं ते मी ठरवायचो. त्यासाठी मशीनांचे गट केलेले असत. ऑफिसचा एक गट, प्रयोगशाळेचा एक, गोडाऊनचा एक. दिलेलं अपडेट परत काढून घ्यायचीही सोय होती. समोर बसलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त मशीन चालू होताना थोडा वेळ लागलेला जाणवतो.

चाळके मॅडम कागदपत्रांच्या खोलीत बसायच्या. कुंदा चाळके. वय बावन्न, नवरा वारलेला, एक मुलगी पनवेलला नोकरीला. कारखान्यातला प्रत्येक महत्त्वाचा कागद त्यांच्याकडून मंजूर होऊन पुढे जाई आणि त्यांच्याच लोखंडी कपाटांत येऊन पडे. आगीपासून सांभाळायची खोली म्हणून ती इमारतीच्या टोकाला, जाड दाराची होती. आत त्या एकट्याच. त्यांना कुठला कागद कधी आला ते पाठ असायचं. ऑडिटवाले आले की साहेब लोक रजिस्टर उघडायच्या आधी त्यांना विचारत.

तीन वर्षांपूर्वी, २००८ च्या मार्चमध्ये, दिलीप भुवड नावाचा कामगार रिअॅक्टरवरच्या आगीत गेला होता. त्याला त्या रिअॅक्टरचं प्रशिक्षण दिलेलं नव्हतं. कंपनीचं म्हणणं, दिलं होतं. कंपनीकडे तसा कागदही होता, त्यावर बारा मार्चची तारीख आणि भुवडची सही. आग लागली अठराला. फॅक्टरी इन्स्पेक्टरनं विचारलं तेव्हा चाळके मॅडमनी सांगितलं, हा कागद माझ्याकडे एकोणीसला आला, आणि बारा तारखेच्या नोंदीत घ्या असं मला सांगण्यात आलं, मी घेतला नाही. पुढे भुवडच्या बायकोनं दावा लावला. तो दावा त्या एका वाक्यावर उभा होता. चाळके मॅडमना कामावरून काढणं मात्र कंपनीला शक्य नव्हतं, दावा चालू असताना ते फारच उघड दिसलं असतं.

मला हे सगळं वरवर माहीत होतं. २०११ च्या जूनमध्ये कर्मचारी विभागाच्या सबनीस साहेबांनी मला बोलावलं तेव्हा भुवडचं नावही निघालं नाही. साहेबांनी बायकोची चौकशी केली. पुढच्या वर्षी मला कायम करायचं त्यांच्या मनात आहे, असं सांगितलं. मग म्हणाले, चाळके बाईंना आता काम झेपत नाही, पण जुन्या आहेत, आपण होऊन गेल्या तर सन्मानानं जातील. त्यांचं मशीन तू जरा मागे ठेव.

“मागे म्हणजे?” मी विचारलं.

“तुला कळतं ते. मला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय.”

त्याच आठवड्यात कागदपत्रांच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती. तिच्यात एक बारीक बदल होता. जुन्या आवृत्तीत पडद्याच्या खाली डावीकडे ‘अप्रूव्ह’चं बटण होतं आणि उजवीकडे ‘कॅन्सल’चं. नव्या आवृत्तीत त्यांची अदलाबदल झाली होती. सगळ्यांना मी नवी आवृत्ती दिली. सर्व्हरवर एक नवा गट केला, त्यात एकच मशीन टाकलं, आणि त्या गटाला जुनीच ठेवली.

नुसतं मागे ठेवून काही होत नव्हतं. जुन्यावर त्यांचं काम व्यवस्थित चालायचं. दोन आठवडे गेले, सबनीस साहेबांनी जिन्यात मला गाठून विचारलं, काय रे, काही फरक? तेव्हा मला ते सुचलं. हे त्यांनी सांगितलं नव्हतं. ते माझं होतं.

मी त्यांना नवी आवृत्ती दिली. पाच दिवसांनी, हात सवयीला लागला असेल अशा बेतानं, काढून घेतली. तीन दिवसांनी पुन्हा दिली. कधी सकाळी जुनी, जेवणानंतर मशीन चालू केलं की नवी. पहिल्याच महिन्यात त्यांनी अकरा कागद मंजूर करायच्या ऐवजी रद्द केले. रद्द झालेला कागद पुन्हा सुरुवातीपासून सह्या घेत फिरवावा लागे, माल अडकून राही, उत्पादनाची माणसं त्यांच्या दाराशी येऊन ओरडत.

त्या मला फोन करायच्या. “जुवळे, बटण परत इकडचं तिकडे झालंय हो.”

मी म्हणायचो, मशीन बंद करून एकदा चालू करा, मी येतो. मी पोचेपर्यंत नवी आवृत्ती बसलेली असायची. मी त्यांच्या खुर्चीमागे उभा राहून विचारायचो, “कुठं मॅडम? बरोबर तर आहे.” त्या पडद्याकडे बघत राहायच्या. मग शेजारच्या विभागातल्या कुणाला तरी बोलवायच्या, ती मुलगी म्हणायची, मॅडम, कॅन्सल डावीकडेच असतं, जूनपासून तसंच आहे. तिचं खोटं नव्हतं. तिच्या मशीनवर तसंच होतं.

मला त्यात गोडी लागली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या कधी सावध असतील, कधी बेसावध, याचा अंदाज मला यायला लागला. एखाद्या सोमवारी मी मुद्दाम काहीच करायचो नाही. त्या दिवशी त्या दर बटणापाशी थांबून ओठ हलवत वाचायच्या, ते मी त्यांच्या दाराच्या काचेतून बघितलं होतं. मग सलग दोन आठवडे सोडून द्यायचो, त्यांचा चेहरा निवळायचा, आणि पुन्हा.

सबनीस साहेब दर चुकीला एक मेमो काढत. चाळके मॅडम प्रत्येक मेमोला उत्तर देत, “चूक माझी आहे, पुढे काळजी घेईन.” मी म्हणायचो, अहो, सॉफ्टवेअरचा दोष असेल असं लिहा ना. हेही मीच म्हणायचो, आणि माझ्याकडे बघून त्या म्हणायच्या, “तुम्ही तपासलंत ना? दोष नाही म्हणालात ना? मग खोटं कसं लिहू?”

सप्टेंबरमध्ये एकदा त्यांनी मला त्यांच्या आईबद्दल सांगितलं. आईला साठीच्या आत विसरायला झालं होतं. आधी भाजीत दोनदा मीठ, मग शेजारणीचं नाव, मग मुलीचं. शेवटची चार वर्षं ती कुंदाताईंना ‘ओ बाई’ अशी हाक मारायची. “सुरुवात अशीच झाली होती,” त्या म्हणाल्या. “तिला वाटायचं, आपण ठेवलेल्या वस्तू कोणीतरी हलवतंय.”

मी त्यांना डॉक्टरांना दाखवा म्हणालो. त्या शनिवारी त्या मुंबईला जाऊन आल्या. डॉक्टर म्हणाले होते, आज तरी काही दिसत नाही, घराण्यात आहे, म्हणून लक्ष ठेवा.

आणि आता ती वही माझ्यासमोर होती.

“डॉक्टरांनी सांगितलं, लिहून ठेवत जा,” चाळके मॅडम म्हणाल्या. “म्हणून सोळा सप्टेंबरपासून रोज सकाळी आणि जेवून आल्यावर, मशीन लावलं की जे दिसतं ते काढून ठेवलंय. बघा. एकोणीसला डावीकडे अप्रूव्ह. बावीसला उजवीकडे. तेवीसला सकाळी एक, दुपारी एक.”

मी पानं उलटत राहिलो. एकही तारीख चुकलेली नव्हती. सर्व्हरमधली नोंद छापून तिच्याशेजारी ठेवली असती, तर दोन्ही ओळीनं जुळली असती. तेवीसची दुपारची वेळ त्यांनी एक चाळीस लिहिली होती. मी तेवीसला एक वाजून पस्तीस मिनिटांनी अपडेट काढून घेतलं होतं.

“मला एवढंच सांगा,” त्या म्हणाल्या. “हे असं कधी असू शकतं का? पडदा असा बदलू शकतो? असेल तर मी ठीक आहे. परवा जाऊन एकोणीस मार्च म्हणून सांगते. नसेल, तर मी जे लिहिलंय ते मी पाहिलेलंच नाही. मग एकोणीस मार्च तरी मी पाहिली होती कशावरून?”

त्या क्षणापर्यंत मला खरंच वाटत होतं की त्यांना राजीनामा द्यायला लावायचा, एवढाच हा उद्योग आहे. साक्षीचा आणि मेमोंचा संबंध मला तेव्हा लागला. पाच महिने झाले होते आणि तो मला त्या बाईनं समजावून दिला, स्वतःला न कळता.

त्या अनवाणी उभ्या होत्या, त्या गार फरशीवर, एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायावर घासत.

माझ्या डोक्यात काय काय आलं ते सांगून उपयोग नाही. सर्व्हर माझ्या ताब्यात होता, गट मी केलेला, नोंदीत माझं नाव. उद्या कोणी चौकशी लावली तर सबनीस साहेब म्हणणार होते, मला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय.

“नाही मॅडम,” मी म्हणालो. “पडदा असा कधीच नव्हता. सगळ्यांना सर्व्हरवरून एकच जातं.”

“एकदाही नाही?”

“एकदाही नाही.”

त्यांनी मान हलवली. वाद घातला नाही. वही उचलायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

“राहू दे तुमच्याकडेच,” त्या म्हणाल्या. “घरी नेली तर मी परत परत बघत बसेन. तुम्ही स्पष्ट सांगितलंत ते बरं केलंत. इतके दिवस कोणी सांगत नव्हतं.”

बाहेर जाऊन त्यांनी चपला घातल्या. मी संध्याकाळी ती वही कागद फाडायच्या यंत्रात चार-चार पानं करून घातली. कव्हर जाड होतं, ते अडकलं, ते हातानं फाडावं लागलं.

साक्षीच्या दिवशी सबनीस साहेबांनी मला बरोबर घेतलं. मेमोंची फाइल आणि सॉफ्टवेअरच्या नोंदी सांभाळायला माणूस हवा होता. चाळके मॅडम एसटीनं आल्या होत्या. फिकट निळी साडी, हातात कापडी पिशवी. भुवडची बायको पुढच्या बाकावर बसली होती, सुवर्णा भुवड, तिशीची असेल. मॅडम दिसल्यावर ती उठून उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात जोडले.

तिच्या वकिलानं विचारलं, तो कागद तुमच्याकडे कधी आला. मॅडम म्हणाल्या, मला आठवतं त्याप्रमाणे एकोणीस मार्चला.

मग कंपनीचे वकील उठले. आवाज चढवणारे नव्हते. घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलले. बाई, जूनपासून तुम्हाला तेवीस मेमो मिळाले, खरं? खरं. प्रत्येकात तुम्ही चूक कबूल केली? केली. तुम्ही मुंबईला मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आलात? मॅडमनी एकदम वर बघितलं. त्यांनी ही गोष्ट कंपनीत एकाच माणसाला सांगितली होती. त्यांची नजर वकिलांवरून सरकली, सबनीस साहेबांवर थांबली, आणि माझ्यावरून नुसती पुढे गेली. मी सांगितलं असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्या म्हणाल्या, हो, जाऊन आले.

“रोज समोर असलेलं बटण डावीकडे की उजवीकडे, हे तुम्हाला सांगता येत नाही,” वकील म्हणाले. “बरोबर?”

“बरोबर.”

“मग साडेतीन वर्षांपूर्वीच्या एका कागदाची तारीख तुम्ही शपथेवर, खात्रीनं सांगू शकता?”

मॅडमनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले होते. त्या जर नुसतं ‘हो’ म्हणाल्या असत्या तर पुढचं काय झालं असतं कोण जाणे. दुसरं कोणीही हो म्हणालं असतं.

“खात्रीनं नाही,” त्या म्हणाल्या. “तसं म्हणणं खोटं होईल.”

बाहेर व्हरांड्यात सुवर्णा भुवड त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं विचारलं, बाई, तुम्ही असं का बोललात. रागानं नाही, खरंच कळत नसल्यासारखं. चाळके मॅडमनी तिचा हात धरायचा प्रयत्न केला, तिनं तो सोडवून घेतला.

दावा फेटाळला गेला. चाळके मॅडमनी डिसेंबरच्या पहिल्या तारखेला राजीनामा दिला. निरोपाच्या वेळी सबनीस साहेबांनी त्यांच्या सचोटीबद्दल भाषण केलं. मला एप्रिलमध्ये कायम करण्यात आलं.

त्यानंतर अकरा वर्षं मला त्या दिसल्या नाहीत. मी मध्ये पुण्यात दुसऱ्या कंपनीत गेलो, मोठ्या पदावर. सबनीस साहेब निवृत्त होऊन गेले. गेल्या काही वर्षांत माझी झोप कमी झाली होती, पण त्याला मी वयाचं कारण द्यायचो.

२०२२ च्या डिसेंबरात एका लग्नासाठी चिपळूणला आलो होतो. बाजारपेठेत औषधाच्या दुकानासमोर गाडी लावली आणि पायरीवर चाळके मॅडम बसलेल्या दिसल्या. केस पांढरे झालेले, पण पाठ तशीच ताठ. गळ्यात निळ्या दोरीला प्लॅस्टिकमध्ये घातलेलं एक कार्ड. त्यावर नाव, पत्ता आणि दोन फोन नंबर.

“जुवळे,” त्या लगेच म्हणाल्या. “निनाद जुवळे. तेव्हा तुमची बायको गरोदर होती. काय झालं, मुलगा की मुलगी?”

मी मुलगा म्हणालो. मी कार्डाकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

“मुलीनं, तेजश्रीनं करून दिलंय. हरवले तर असावं. मी एकटी बाहेर पडत नाही, आत्ता ती आत औषध घेतेय. डॉक्टर म्हणतात अजून तसं काही दिसत नाही. लवकर लक्षात आलं म्हणून वाचले.” मग माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, “ते तुमच्यामुळे. मी घरी नेहमी सांगते.”

तेजश्री बाहेर आली. आईच्या तोंडून माझं नाव ऐकलेलं असल्यामुळे तिनं आग्रहानं घरी नेलं. नवऱ्याची बदली झाल्यापासून ती सगळी चिपळूणलाच असत. पहिल्या मजल्यावरचं घर, खाली फाटक. तेजश्रीची दहा-अकरा वर्षांची मुलगी अभ्यास करत बसली होती. चाळके मॅडम तिच्याजवळ गेल्या, तशी ती सरावानं बाजूला सरकली आणि आईकडे बघू लागली. आईनं मानेनं खूण केली, तेव्हा तिनं आजीला शेजारी बसू दिलं.

मी ते पाहिलं आणि मला बसवेना. मी तिथंच, त्या मुलीला आत पाठवायला सांगून, सगळं बोललो. सर्व्हर, एका मशीनचा गट, देणं आणि काढून घेणं, वही. वही फाडली तेही सांगितलं. किती वेळ बोललो आठवत नाही.

तेजश्री माझ्याकडे बघत होती. चाळके मॅडम जमिनीकडे.

मग मॅडम म्हणाल्या, “म्हणजे तो कागद एकोणीसलाच आला होता.”

“हो,” मी म्हणालो.

“भुवडच्या बायकोला मी खोटं पाडलं.”

त्यांनी गळ्यातलं कार्ड दोन बोटांनी धरून थोडं वर उचललं, त्यावरचं आपलंच नाव वाचत असल्यासारखं बघितलं, आणि सोडून दिलं. तेजश्री उठली. “सर, जरा खाली येता?” ती म्हणाली.

फाटकापाशी ती माझ्यासमोर उभी राहिली. तिचा आवाज बारीक झाला होता.

“माझी मुलगी दोन महिन्यांची होती तेव्हा आई तिला अंघोळ घालते म्हणाली. मी घालू दिली नाही. एकदाही नाही. तिला कधी एकटीनं कडेवर घेऊ दिलं नाही. अकरा वर्षं मी घरात तिच्या मागे मागे फिरतेय. चष्मा कुठं ठेवला हे ती विसरली तरी मी वहीत मांडते.” ती थांबली. “तुम्ही आत्ता म्हणालात ते खरं असेल, तर हे मी काय केलं? आणि खरं असेल तर मला लेखी द्या. भुवडांचा मुलगा आता वकिली शिकतोय, मी आज त्याला फोन करते. काय असेल ते होऊ दे.”

मी गाडीची किल्ली हातात फिरवत होतो.

“खरं सांगा सर. की आईला बरं वाटावं म्हणून बोललात? तसं असलं तरी मी रागावणार नाही.”

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला कुठलं उत्तर हवं होतं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मला कुठलं हवं होतं ते मला माहीत होतं. दोन्ही एकच होती.

“बरं वाटावं म्हणून,” मी म्हणालो. “मला त्यांना तसं बघवलं नाही. मनाला लावून घेऊ नका.”

तिनं डोळे मिटून श्वास सोडला. दोनदा ‘थँक यू’ म्हणाली. तेवढ्यात वर खिडकीतून गॅसच्या लायटरचा आवाज आला, टक, टक. तेजश्री वळली आणि धावत जिना चढली. खिडकी उघडी होती, खाली सगळं ऐकू येत होतं.

“आई, ठेव ते. ठेव म्हणते ना.”

“अगं, चहा टाकत होते. त्यांना तसंच पाठवायचं का?”

“मी करीन. तू बस इथं. मी विचारलं त्यांना. ते सगळं त्यांनी तुला बरं वाटावं म्हणून सांगितलं. तसं काही झालेलं नव्हतं.”

मग चाळके मॅडम बोलल्या, सावकाश, कोर्टात बोलल्या होत्या तशा.

“हो का. बरं केलंस विचारलंस. मी खरं धरून चालले होते.”

मी फाटक लावून घेतलं आणि गाडीत बसलो.